मोकळ्या माळरानाचं कार्टून

दिवाळी जवळ आली की आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना संस्कृती आठवते. यंदा आठवलेली संस्कृती जपानी निघाली. ग्रुपवर त्यांचा लांबलचक मेसेज आला. आपण सगळ्यांनी लहानपणी रविवारी सकाळी पाहिलेली ती जपानी कार्टून मालिका, घोडागाडीत संसार भरून माळरानावर राहायला जाणाऱ्या गोऱ्या कुटुंबाची, तिचे भाग क्लबहाउसात मोठ्या पडद्यावर दाखवायचे. जुन्या, गाजलेल्या बालकादंबऱ्यांवरून केलेली मालिका, त्यामुळे मुलांना व्हॅल्यूज कळतील. त्याच दिवशी सोसायटीत पहिल्यांदा राहायला आलेल्यांचा सत्कार. आणि शेवटी ठळक अक्षरांत ते वाक्य: 'एका अर्थी आपणही पायोनियरच. आपण आलो तेव्हा इथे काहीच नव्हतं.'

खाली टाळ्यांची रांग लागली. कोणी लिहिलं, खरंच, तेव्हा रिक्षासुद्धा मिळायची नाही. कोणी लिहिलं, दुधासाठी पार पनवेलला जावं लागायचं. केवढे हे हाल. चौथ्या मजल्यावर लिफ्टनं चढून, नळाचं पाणी पिऊन या लोकांनी रान आबाद केलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो निदान गप्प तरी बसतो, बीळ मी खणलं असं सांगत नाही.

मी पनवेलच्या एका शाळेत भूगोल शिकवते. या सोसायटीत माझा फ्लॅट आहे, कारण ती उभी आहे ती जागा आमच्या गावाची होती. नव्या शहरासाठी घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात गावाच्या वाट्याला परत आलेल्या तुकड्यावर बिल्डरनं इमारत बांधली आणि त्यातला एक फ्लॅट आमच्या घराला आला. शेजारणी मला कौतुकानं विचारतात, "अय्या, तुम्ही लोकल? बोलण्यावरून वाटत नाही." मीही आजवर नुसती हसत आले. आमची पार्किंग आहे तिथे मधली खार होती. खार म्हणजे खाडीला बांध घालून, समुद्राकडून ओढून घेतलेलं भातशेत. इथे काहीच नव्हतं हे एका अर्थी बरोबर आहे. मूळचा तिथे समुद्रच होता.

ऑक्टोबरचं हे ऊन पडलं की मला त्या खारीचा वास येतो. कापलेल्या भाताचा गोडसर आणि खाली सुकत चाललेल्या चिखलाचा खारट, दोन्ही एकदम. भात कापून दोन-तीन दिवस शेतातच पसरून ठेवायचं, मग भारे बांधून खळ्यावर आणायचं. बांधाच्या पलीकडे तिवरांच्या चिखलात निवट्या मासळ्या उड्या मारायच्या, अलीकडे आम्ही. तांदूळ तांबडा, जाड, चिवट. आईचं माहेर आपट्याचं, पाताळगंगेच्या गोड्या पाण्यावर वाढलेली ती बाई. लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी तो भात पानात वाढताना नाक मुरडायची. "तुमच्या भाताला मीठ घालाया नको," असं बाबाला ऐकवायची. बाबा म्हणायचा, "मंग वाचलं ना मीठ." आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा.

जमीन कागदावर कधीचीच गेली होती. नवं शहर यायचं होतं, त्यासाठी नोटिसा येऊन, मोजणी होऊन, सह्या होऊन वर्षं लोटली होती. पण शहर काही येत नव्हतं, आणि कागद स्वतः काही पेरत नाही. म्हणून गाव आपलं पेरत होतं, कापत होतं. मी अकरा वर्षांची होते. घरात नवा कोरा रंगीत टीव्ही होता, गावातला तिसरा, आणि दर रविवारी दहाला आमच्या पडवीत अर्ध्या गावाची पोरं गोळा व्हायची.

काय बघायचो आम्ही? अमेरिकेतली गोरी माणसं, जपान्यांनी काढलेली, हिंदीत बोलणारी, आणि बघणारे आम्ही आगऱ्यांचे पोरटे, नाकातला शेंबूड ओढत. मुलींचे डोळे बशीएवढे. आई दिवसभर पांढरा एप्रन घालून वावरायची आणि चिखलाच्या देशात तिच्या एप्रनवर कधी डाग पडायचा नाही. बाप उंच, दाढीवाला, अबोल. गाडी माळावर थांबायची, बाप उतरून मूठभर माती हातात घ्यायचा आणि बायकोला सांगायचा की इथे कोणी नाही, हे सगळं आता आपलं. मग तो एकटा झाडं पाडायचा, एकटा ओंडके रचायचा, एकटा छप्पर घालायचा. तीन रविवारांत घर तयार. मुलगी खिडकीत हनुवटी टेकून बापाकडे बघत राहायची. तिला दुसरं काही काम नसे.

आज मला त्या सगळ्याचा संताप येतो. ती मोकळी जमीन कोणाची होती, कोण तिथून कुठे गेलं, हे विचारायची सोय त्या रंगवलेल्या आभाळाखाली नव्हती. पण त्याहून मोठं खोटं म्हणजे तो एकटा बाप. एकट्या माणसानं जगात कुठलीही जमीन उभी केलेली नाही. ज्याला बांध माहीत आहे त्याला हे सांगावं लागत नाही. गाव करी ते राव न करी, ही म्हण आमच्याकडे भिंतीवर लिहायची नव्हती, भरतीच्या वेळी कामाला यायची.

पण हे शहाणपण आजचं. तेव्हा मला त्या बापाचं वेड लागलं होतं, आणि खरी लाज वाटायची ती माझ्या बापाची. माझा बाप बुटका, बनियनवर फिरणारा, मोठ्यानं शिंकणारा. त्याला एकट्यानं काही करताना मी पाहिलंच नव्हतं. छप्पर शाकारायचं तर दहा जण, भात झोडायचं तर पंधरा. कामापेक्षा ओरडा जास्त आणि शेवटी सगळ्यांना चहा. मला वाटायचं, याच्यात काही दमच नाही. मनातल्या मनात मी त्याला त्या दाढीवाल्याशेजारी उभा करायची आणि दर वेळी नापास करायची.

बांधाची आमच्याकडे रीत होती. खारीत ज्याचं जेवढं शेत, तेवढी बांधाची लांबी त्याच्या घराची. त्याला वाटा म्हणायचे. उधाणाच्या भरतीला बांध कुठेही दबायला लागला की गोमा नावाचा पाळकरी, म्हणजे बांधाचा राखणदार, गावभर ओरडत जायचा आणि प्रत्येक घरातून माणसानं आपापल्या वाट्यावर जाऊन उभं राहायचं. मग बांधाच्या एका टोकापासून गोमा घराघराची नावं घ्यायचा. ज्याचं नाव घेतलं त्यानं ओरडायचं, "हाय!" कोणाचा वाटा फुटत असेल तर तो पुढे म्हणायचा, "हाय, हात द्या!" आणि शेजारचे धावायचे. चिखलाचे गोळे, पेंढा, तिवराच्या फांद्या हातोहात पुढे जायच्या. ती नावं गावात ऐकू यायची. चुलीपुढच्या म्हातारीलाही कळायचं, आज कोण आहे आणि कोण नाही.

दिवाळीच्या अमावास्येच्या सुमाराचा रविवार होता तो. आजोबा आजारी म्हणून आई आपट्याला गेली होती. बाबा गावाच्या वरच्या अंगाला खळं सारवत होता. साडेदहाला गोमा धापा टाकत आमच्या दारात आला.

"सुले, बापाला सांग. बांध दबाया लागला. वाट्याव ये म्हनावं, लगोलग."

मी मान हलवली. तो पुढे पळाला. पडवीतली सगळी पोरं उठून बांधाकडे धावली. पडवी रिकामी झाली आणि मला बरंच वाटलं. त्या दिवशी पडद्यावर वादळ आलं होतं आणि दाढीवाला एकटाच छपरावर चढला होता. शेवटी एकदा गलक्याविना बघायला मिळत होतं. एवढा भाग संपला की पळत जाऊन सांगते, असं मी ठरवलं. खळं काय, पाच मिनिटांवर होतं.

जाहिराती लागल्या तेव्हा बांधावरून नावं ऐकू आली. एकेक नाव आणि एकेक हाय. मग बाबाचं नाव आलं. "धर्माऽऽ!" उत्तर नाही. पुन्हा, "धर्माऽऽ!" तिसऱ्यांदाही गोमानं हाक दिली आणि मग तो पुढच्या नावाकडे गेला. मी ते ऐकलं. उठले, दारापर्यंत गेले, तेवढ्यात जाहिराती संपल्या. मी उंबऱ्यात उभी राहून उरलेला भाग पाहिला.

गलका ऐकून बाबा आपोआपच पळत गेला, पण उशिरा. खांड, म्हणजे बांधातलं भगदाड, आमच्याच वाट्याला पडली होती, चार-पाच हातांची. तिच्या मागे जनाकाकीचं शेत. जनाकाकी बाबाच्या चुलतभावाची विधवा, घरात ती आणि एक म्हातारी सासू. तिचं सगळं भात कापून शेतात पसरलेलं होतं. खाडीचं पाणी त्याच्यावरून गेलं आणि ओहोटीला परत जाताना निम्मं घेऊन गेलं. राहिलेलं खारट होऊन कुजलं.

बाबा चिखलानं माखून घरी पाणी प्यायला आला. टीव्ही चालूच होता. त्यानं पडवीत उलटसुलट पडलेल्या चपला पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं.

"गोमा आलता?"

मी पडद्याकडे बघत राहिले. त्यानं लोटा खाली ठेवला आणि तो गेला.

संध्याकाळी देवळापुढे गाव बसलं. धर्मा वाट्यावर का नव्हता, असा प्रश्न झाला. गोमा म्हणाला, मी घरी सांगून आलो. बाबा उठून म्हणाला, "झोप लागली व्हती." कापणीच्या दिवसात, सकाळी साडेदहाला, अंगावर खळ्याचं शेण असलेल्या माणसानं हे सांगितलं आणि गावानं ते मानलं. त्या वर्षी आमच्या कणगीतलं अर्धं भात काकीच्या घरी गेलं. आईनं त्यावरून जे तोंड सोडलं ते होळीपर्यंत. आणि बाबाचं नाव पडलं झोप्या. झोप्या धर्मा. लग्नाच्या मांडवात, क्रिकेटच्या मैदानात, पुढे जमिनीसाठी निघालेल्या मोर्चातसुद्धा. "झोप्या, जागा हायस ना?" तो हसायचा. तो मेला तेव्हा मयताला आलेला एक म्हातारा सवयीनं म्हणाला, आता निवांत झोपला. लोक ओठ दाबून हसले. मी त्याची मुलगी तिथे उभी होते आणि तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

मला तो कधी रागावला नाही. पुढच्या रविवारी दहा वाजता त्यानंच टीव्ही लावला आणि तो बाहेर गेला. आणि मी बघितला. हे लिहायला आजही लाज वाटते, पण मी तो भाग शेवटपर्यंत बघितला आणि मला आवडला.

तर क्लबहाउसातल्या त्या कार्यक्रमाला मी गेले. मागच्या खुर्चीवर बसले. तीच गाडी, तेच गवत, तोच दाढीवाला. आता बघताना कळलं की चित्रकारानं त्या बापाचे हात फारच कमी काढले आहेत. कष्ट करताना चेहरा दिसतो, घाम दिसतो, हात चौकटीबाहेर. जमिनीशी ज्याचा संबंध येतो तेवढाच अवयव वगळलेला. पुढच्या रांगेतल्या एका चिमुरड्यानं आईला विचारलं, "मम्मा, इकडे यांना डिलिव्हरी कोण करतं?" अख्ख्या कार्यक्रमातला तो एकच विचार करून विचारलेला प्रश्न होता. त्याला गप्प बसवण्यात आलं. सेक्रेटरी डोळे पुसत होते.

नंतर ते माझ्याकडे आले. "मॅडम, तुम्ही टीचर आहात, स्मरणिकेसाठी एक छान आर्टिकल द्या ना. सुरुवातीचे दिवस वगैरे. ॲक्च्युअली थीम हीच आहे, इथे काहीच नव्हतं."

"होतं थोडंसं," मी म्हटलं.

"हो हो, मच्छर खूप होते," ते म्हणाले आणि मोठ्यानं हसले.

त्या माणसाची मला कीव आली नाही, येऊ नये अशीच माझी इच्छा होती. पण घरी येताना लक्षात आलं की त्याच्यात आणि माझ्यात फरक फार थोडा आहे. त्याला माहीत नाही म्हणून तो बोलत नाही. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. इथे काय होतं, इथे कोण उभं असायचं आणि एक दिवस कोण उभं नव्हतं, त्याचं कारण जगात फक्त मला ठाऊक होतं. गोमा गेला, आई गेली. ज्यांना सांगायचं त्यांच्यातली आता एकच उरली होती.

जनाकाकी अजून गावठाणातच राहते. तिच्या घराच्या तिन्ही बाजूंना टॉवर झाले, त्यामुळे ओट्यावर ऊन फक्त दुपारी तासभर येतं. त्या तासात ती ओट्यावर बसून कोळंबी सोलत होती. मी शेजारी बसले आणि प्रस्तावना न करता सांगून टाकलं. बाबा झोपला नव्हता. गोमानं मला सांगितलं होतं. मी टीव्ही बघत बसले.

काकी सोलत राहिली. दोन-तीन कोळंब्या झाल्यावर म्हणाली, "त्याचं नाव घेतलं तवा तुला आयकू आलं का नाय?"

"आलं."

"मंग तू का नाय गेलीस?"

मला प्रश्नच कळला नाही. "मी? काकी, मी अकरा वर्षांची होते."

"मंग? मी नवरी व्हऊन आले तवा बारांची. दुसऱ्या उधानाला वाट्याव उभी. घरचं कोनबी चालतं गो. पोर चालतं, म्हातारी चालते. एक घमेलं माती टाकायची, हाय बोलायचं, का घर हाय. बाकीचं गाव बगतं." तिनं हातातली कोळंबी ताटलीत टाकली. "नुस्ती जाऊन उभी राहिली असतीस आनि हात द्या बोलली असतीस, तरी धा जन धावले असते. रिकाम्या वाट्याकडे कोन बगतो त्या घाईत? तुला ते टीवीत दाखवलं नाय वाटतं."

इतकी वर्षं मी स्वतःला निरोप न देणारी मुलगी समजत होते. बापाला हाक मारायला हवी होती, एवढीच चूक मोजत होते. मी स्वतः तिथे जाऊन उभी राहू शकत होते, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. खिडकीत हनुवटी टेकून बापाकडे बघत राहायचं असतं, तेवढंच मी शिकले होते. त्या मालिकेनं माझ्याकडून काय घेतलं ते मला काकीच्या ओट्यावर, कोळंबीच्या वासात कळलं.

"भाताचं काय," काकी पुढची कोळंबी उचलत म्हणाली. "भात तुमच्याच घरचं खाल्लं आमी. पन त्याला मी लई बोलले गो. झोप्या, झोप्या, मरेतवर बोलले." मग तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "आता जा तू." माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही.

अमावास्येला दुपारी आमच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं. दर वर्षी एक-दोनदा शिरतं. शहर बांधणाऱ्यांनी भरतीचं पाणी थोपवायला मोठाले तलाव खणलेत, त्यांना दारं बसवलीत, दारांत गाळ बसलाय, आणि भरती आपल्या जुन्या वाटेनं येते. ग्रुपवर मेसेजांचा पाऊस पडला. 'समवन प्लीज चेक.' 'वॉचमन कुठे आहे?' 'माझी नवी गाडी आहे.' 'कमिटी झोपली आहे का?' चौदा मजल्यांवरून पायोनियर मंडळी गॅलऱ्यांत येऊन खाली बघत होती. एकही खाली उतरला नाही.

मी उतरले. बागेसाठी आणलेल्या तांबड्या मातीचा ढीग भिंतीशी होता आणि माळ्याचं घमेलं त्यावर पालथं पडलं होतं. घमेलं भरलं, उतारावरून पाणी आत येत होतं तिथे नेऊन ओतलं. पाणी माती घेऊन शांतपणे आत गेलं. एकटीनं काही होणार नाही हे मला माहीत होतं. पाणी घोट्यापर्यंत होतं, कोमट, आणि त्याला तोच वास होता.

खिशातला फोन वाजला. सेक्रेटरींनी तिसऱ्या मजल्यावरून माझा फोटो काढून ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'अवर ट्रू पायोनियर!' आणि टाळ्या. मी ओल्या बोटांनी लिहिलं:

'धर्मा. हाय. हात द्या.'

टाळ्या थांबल्या. मग सेक्रेटरींनी विचारलं, 'मॅडम, धर्मा कोण? कुठल्या फ्लॅटचे?'

मी लिहिलं, 'पार्किंगच्या खालचे.' फोन भिंतीवर ठेवला आणि दुसरं घमेलं भरायला घेतलं.